गाडीतला एसी गरम हवा मारतो तेव्हा

मे महिन्यात ओपीडीत एक वाक्य मला वारंवार ऐकायला मिळतं. "डॉक्टर, ऊन लागायचा प्रश्नच नाही, आम्ही तर एसी गाडीनं आलो." सांगणारा पेशंट बहुधा पासष्टीच्या पुढचा असतो. डोकं जड झालेलं असतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, सकाळपासून लघवी एकदाच झालेली असते आणि तीही गडद पिवळी. अशा वेळी मी एक जादा प्रश्न विचारतो : गाडीतला एसी थंड हवा देत होता का? मग नातेवाईक एकमेकांकडे बघतात आणि मुलगा हळूच म्हणतो, "तसा बडनेऱ्याच्या पुढे तो जरा गरमच मारत होता."

हा प्रश्न माझ्या यादीत आला तो आमच्याच गाडीमुळे. या ब्लॉगवर मी एरवी शुगर, बीपी, थायरॉईड अशा विषयांवर लिहितो. आज थोडं बॉनेट उघडावं लागणार आहे. उन्हाळ्यात म्हातारी माणसं घेऊन प्रवास करणाऱ्यांना हे उपयोगी पडेल असं मला वाटतं.

भाचीच्या लग्नासाठी आम्ही अकोल्याहून नागपूरला निघालो होतो. अंतर अडीचशे किलोमीटर, साधारण पाच तास. गाडी छोटी, नऊ वर्षांची. पुढच्या सीटवर आई, वय ८१. तिच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे. त्यासाठी रोज सकाळी लघवी जास्त होण्याची गोळी आणि नाडीचा वेग कमी ठेवणारी दुसरी गोळी चालू आहे. ओपीडी उरकून साडेअकराला निघालो तेव्हा मोबाईल बाहेरचं तापमान ४३ दाखवत होता. पहिला तासभर एसी उत्तम चालला. मूर्तिजापूरजवळ एक ट्रक रस्त्यात आडवा होऊन बंद पडला होता. गाड्यांची रांग लागली, आम्ही थांबलो आणि पाच-सात मिनिटांत समोरच्या झरोक्यांतून येणारी हवा आधी कोमट आणि मग चक्क गरम झाली. रांग थोडी पुढे सरकली की हवा जरा निवायची, थांबलं की पुन्हा गरम.

पंचवीस मिनिटांनी रस्ता मोकळा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई बोलायची थांबली आहे. ती गाडीत गप्प बसणारी बाई नाही. विचारलं तर म्हणाली, "मले काही नाई झालं, तू गाडी चालव." मी पुढच्याच ढाब्यावर गाडी वळवली. ती उतरताना दाराला धरून उभी राहिली, एक पाऊल टाकलं आणि पुन्हा बसली. एरवी ६४ असणारी नाडी ९६ होती. बीपी नेहमीपेक्षा वीस-बावीसने कमी. काखेत थर्मामीटर लावला तर ३७.९ सेल्सियस, म्हणजे शंभर फॅरनहाइटच्या थोडंसं वर. बोलणं मात्र स्पष्ट होतं. कुठे चाललोय, लग्न कुणाचं, सगळं नीट सांगत होती. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, तिच्याकडे पुढे येतो.

बायकोनं तिला विचारून काढलं. सकाळी आठ वाजता गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या. त्यानंतर एक कप चहा आणि दोन घोट पाणी, एवढंच. का, तर वाटेत लघवीला कुठे जायचं! आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षं हाच हिशेब करून प्रवासाला निघतात. हायवेवर स्वच्छ संडास नाहीत हा काही त्यांचा दोष नव्हे, पण त्याची किंमत त्यांचं शरीर मोजतं. त्यात लघवीची गोळी पोटात. म्हणजे एकीकडून पाणी आत येत नाही, दुसरीकडून गोळी ते बाहेर काढते आहे आणि तिसरीकडून घाम.

घाम? आईला तर घाम दिसतच नव्हता. इथे विदर्भातल्या उन्हाची एक खोड लक्षात घ्यायला हवी. मुंबईत घाम कपड्यांतून टपकतो, कारण हवेतच इतका ओलावा असतो की तो उडून जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर आला की उडालाच. म्हणूनच वाळ्याच्या टट्ट्यांचा कूलर अकोल्यात मस्त चालतो आणि मुंबईत नुसता चिकचिकाट करतो. माणसाला वाटतं घाम आला नाही, म्हणजे पाणी गेलं नाही. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण लिटर केव्हाच गेलेलं असतं.

आता थोडं गाडीकडे. एसी थंडी तयार करतो असं आपण म्हणतो, ते खरं नाही. तो उष्णता उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन टाकतो. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते, तिच्यात गॅस उकळतो. बऱ्याच गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. उकळताना तो गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. मग इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर तो गॅस दाबतो, त्यामुळे गॅस चांगलाच तापतो. तापलेला गॅस गाडीच्या नाकाशी, जाळीच्या मागे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो आणि तिथे आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रवरूप होतो. बाहेर ४३ असताना उष्णता बाहेर टाकायची तर कंडेन्सर त्याहून बराच गरम असायला हवा. तो असतोही, साठ अंशांच्या आसपास. एसीची खरी करामत ही आहे : बाहेरच्यापेक्षा जास्त तापून तो बाहेर उष्णता टाकू शकतो.

आपल्या शरीराला ही सोय नाही. त्वचेचं तापमान साधारण ३४-३५ असतं. बाहेर २८ असेल तर उष्णता आपोआप शरीरातून हवेत जाते. बाहेर ४३ झालं की प्रवाह उलटा फिरतो, हवाच आपल्याला तापवू लागते. तेव्हा एकच मार्ग उरतो, घाम उडवणं. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता तयार करतो, जुन्या पिवळ्या शंभर वॅटच्या बल्बपेक्षा थोडी कमी. म्हणजे काहीही न करता नुसतं गाडीत बसून, फक्त स्वतःची उष्णता बाहेर काढण्यासाठी तासाला सव्वाशे मिलीलिटर घाम लागतो. हवेकडून आणि काचेतून येणाऱ्या उन्हाकडून मिळणारी उष्णता वेगळी. पाच तासांचा प्रवास धरून हिशेब तुम्हीच करा.

आणि हा घाम आणायचा तर आतली उष्णता आधी त्वचेपर्यंत पोचली पाहिजे. ते काम रक्त करतं. उन्हात त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. तरुण माणसाचं हृदय हे निमूटपणे करतं. माझ्या आईचं हृदय आधीच कमी ताकदीचं, नाडी वाढू नये म्हणून गोळी चालू, शरीरात पाणी कमी. अशा माणसाला ४३ अंशांत पंचवीस मिनिटं गरम हवेच्या झोतात बसवणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. झोत चालू आहे म्हणून बरं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्यावर विसंबू नये. तेव्हा तो शरीर थंड करण्याऐवजी तापवतो. अंग ओलं असेल तरच त्या वाऱ्याचा उपयोग. गाडीच्या झरोक्यातून गरम हवा येत असेल तर ब्लोअर चारवर ठेवून "वारा तरी लागतोय" म्हणण्यात अर्थ नाही.

ढाब्यावर कूलर होता. त्याच्यासमोरच्या बाजेवर आईला आडवं केलं, पाय उशीवर, पदर सैल, दोन पंचे भिजवून एक मानेवर आणि एक काखेत. बायको तिसऱ्यानं हातपाय पुसत राहिली. ओआरएसचं पाकीट माझ्या बॅगेत असतंच. आईला दिवसाला दीड लिटर पाण्याची मर्यादा आहे, त्यामुळे आधी पायांवरची सूज, मानेच्या शिरा, फुप्फुसांचा आवाज हे सगळं पाहिलं. कुठेही पाणी साठल्याची खूण नव्हती, उलट जीभ कोरडी. मग अर्ध्या तासात एक पेलाभर ओआरएस घोट घोट दिलं. हृदयाच्या पेशंटला ओआरएसमधलं मीठ जपून द्यावं लागतं. तपासायला कुणी नसेल तर आपल्या डॉक्टरांना फोन करून मगच द्या. अंग ओलं करून वारा घालणं मात्र कुणाचीही परवानगी न घेता ताबडतोब करता येतं. चाळीस मिनिटांत नाडी ८० वर आली. तासाभरानं आईनं ढाब्यावरच्या पिठल्यात मीठ जास्त आहे असं मत दिलं, तेव्हा मी गाडीकडे गेलो.

आम्ही डॉक्टर लोक तपासण्यांआधी दोन गोष्टी करतो. पेशंटची हकीकत ऐकतो आणि त्याला हात लावून बघतो. गाडीची हकीकत स्पष्ट होती : चालताना थंड, थांबल्यावर गरम. इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला नव्हता. बॉनेट उघडून इंजिन आणि एसी चालू केला. कॉम्प्रेसरचा क्लच जोडला जाताना जो 'टक्' आवाज येतो तो आला, म्हणजे कॉम्प्रेसर चालतोय. आमच्या गाडीत पुढे दोन पंखे आहेत, एक रेडिएटरचा आणि एक कंडेन्सरचा. एसी लावला की कंडेन्सरचा पंखा फिरायला हवा. तो स्थिर होता. रेडिएटरचा पंखा थोड्या वेळानं आपोआप सुरू झाला. (जाता जाता : हे पंखे इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतात. बोटं, ओढणी, पंचा यांना तिथे जवळ जाऊ देऊ नका. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. त्या वाफेनं भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत.)

चित्र जुळत होतं. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वाराच कंडेन्सर थंड करतो, पंख्याची गरज फारशी पडत नाही. गाडी थांबली की तो वारा बंद, पंखाही बंद, उष्णता टाकायला जागाच नाही. दाब वाढत जातो, मग सुरक्षेसाठी बसवलेला स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो आणि ब्लोअर नुसती बाहेरची तापलेली हवा आत फेकत राहतो.

ढाब्यासमोर एक छोटं गॅरेज होतं. तिथला माणूस बॉनेटकडे न बघताच म्हणाला, "गॅस संपला असेल. भरून देतो, दीड हजार." मला हसू आलं, कारण हे वाक्य मी रोज ऐकतो, फक्त शब्द वेगळे असतात. थकवा आलाय? सलाईन लावा. चक्कर येते? सलाईन लावा. ताप आहे? दोन सलाईन लावा. कारण शोधण्याआधी काहीतरी भरून देणं हा आपल्याकडचा आवडता उपचार आहे, पेशंटचाही आणि काही डॉक्टरांचाही. गाडीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही; तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. सांध्यांतून, रबरी नळ्यांतून थोडा थोडा निसटून काही वर्षांत कमी होतो हे खरं. पण पटकन कमी झाला असेल तर गळती कुठे आहे ते आधी शोधायला हवं, नाहीतर दोन महिन्यांनी पुन्हा दीड हजार. आणि कमी नसताना वरून भरला तर दाब वाढून थंडावा उलट घटतो. सूज असलेल्या हृदयाच्या पेशंटला सलाईन लावल्यावर काय होतं ते माझ्या ओळखीच्या कुठल्याही फिजिशियनला विचारा.

मी नको म्हटलं. चालत्या गाडीत एसी काम करतोय हे माहीत होतं, पण पुन्हा रांग लागली तर? म्हणून ऊन उतरेपर्यंत ढाब्यावरच थांबलो. पाचनंतर निघून अमरावती गाठली. तिथल्या एका नातेवाइकाच्या ओळखीच्या मेकॅनिकनं पहिला प्रश्न विचारला, "साहेब, गाडी उभी रायली तं गरम मारते, का चालतानीबी?" मला वाटलं, या माणसाला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला शिकवायला बोलवावं. त्यानं पाण्याची नळी घेऊन कंडेन्सरच्या जाळीवर पाणी मारलं. दोन मिनिटांत झरोक्यातून थंड हवा. "गॅस ठीक आहे. कंडेन्सरले वारा नाई भेटत." मग पंख्याला थेट बॅटरीची वायर लावली, पंखा हलला नाही. मोटरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं दोन ठोके दिले आणि तो फिरायला लागला. आतले कार्बन झिजले होते. मोटर बदलली, अडीच हजार रुपये लागले, पावणेआठला आम्ही नागपूरच्या रस्त्याला.

कंडेन्सरवर पाणी मारून तो थंड होतो का बघणं आणि आईच्या मानेवर ओला पंचा ठेवणं, दोन्हीचं शास्त्र एकच आहे. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं.

अशी गरम हवा नेहमी पंख्यामुळेच येते असं मात्र नाही. ती कधी आणि कशी येते हे नीट सांगता आलं तर मेकॅनिकचं अर्धं काम होतं, जसं "पोट दुखतं" याऐवजी "जेवल्यावर अर्ध्या तासानं उजव्या बाजूला दुखतं" असं सांगणारा पेशंट आमचं काम हलकं करतो. सुरुवातीपासूनच हवा कोमट असेल आणि तो 'टक्' आवाज येतच नसेल, तर फ्यूज, रिले, क्लच किंवा खरोखरच गॅस कमी, यांपैकी काहीतरी. लांबच्या प्रवासात तासाभरानं हवेचा जोरच कमी होत गेला आणि एसी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा पूर्ववत झाला, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरला असणार. केबिन फिल्टर धुळीनं बुजलेला असतो तेव्हाही असं होतं. कॉम्प्रेसर चालू, समोरची नळी हाताला गार, तरी हवा गरम, असं असेल तर थंड-गरम करायच्या खटक्याची केबल किंवा आतली झडप अडकून हीटरची हवा मिसळत असेल. काही छोट्या गाड्यांत चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिनला ताकद मिळावी म्हणून कॉम्प्रेसर काही सेकंद आपणहून बंद होतो. तो बिघाड नव्हे. आणि गरम हवेबरोबर इंजिनच्या तापमानाचा लाल दिवा लागला तर एसीचा विचार सोडा. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि माणसांना सावलीत न्या.

एक गंमत सांगतो. यंत्रानं हवा गार करायच्या खटपटीत एक डॉक्टर होता. जॉन गोरी, अमेरिकेतल्या फ्लोरिडात अपालाचिकोला नावाच्या बंदरगावी प्रॅक्टिस करायचा. तापाच्या पेशंटांची खोली गार ठेवायला तो छताजवळ बर्फ टांगत असे. हा बर्फ उत्तरेकडून जहाजानं यायचा आणि वेळेवर मिळायचा नाही. म्हणून त्यानं हवा दाबून आणि पसरवून बर्फ करणारं यंत्र बनवलं, १८५१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. धंदा म्हणून ते चाललं नाही आणि चार वर्षांत तो गेला.

आता त्या महत्त्वाच्या गोष्टीकडे. आईचं बोलणं स्पष्ट होतं म्हणून मी ढाब्यावर थांबून उपचार करू शकलो. तिला झालं होतं ते उन्हामुळे येणारं गळून जाणं : चक्कर, मळमळ, डोकेदुखी, वाढलेली नाडी, पण शुद्ध शाबूत. उष्माघात ही पुढची पायरी. शरीराच्या आतलं तापमान ४० सेल्सियसच्या वर, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जातं आणि मेंदू बिघडायला लागतो. माणूस बरळतो, चिडतो, झोकांड्या खातो, प्रश्नाचं उत्तर भलतंच देतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो. अंग कोरडं असेल किंवा घामानं भिजलेलंही असेल, त्यावर जाऊ नका. काखेतला थर्मामीटर अशा वेळी आतलं तापमान कमी दाखवू शकतो, त्यावरही विसंबू नका. गाडीत बसलेला म्हातारा माणूस विचित्र बोलायला लागला तर तो उष्माघात समजूनच वागायचं. १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात ठेवून थांबू नका. कपडे सैल करा, जेवढं पाणी मिळेल तेवढं अंगावर ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा, जांघा इथे ठेवा. आधी थंड करायला सुरुवात, मग प्रवास. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं.

क्रोसिन देऊ का, हा प्रश्न हमखास येतो. नको. ताप येतो तेव्हा मेंदूतला थर्मोस्टॅट वरच्या आकड्यावर लावलेला असतो आणि पॅरासिटामॉल तो खाली आणतं. उष्माघातात थर्मोस्टॅट ठीक असतो, उष्णता बाहेर टाकायची वाट बंद झालेली असते. कंडेन्सरचा पंखा बंद असताना खटका आणखी थंडकडे फिरवून काय होणार? खिशातल्या कांद्याबद्दलही विचारतात. कांदा पिठल्याबरोबर खा, खिशात त्याचा काही उपयोग नाही. डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा मात्र शंभर टक्के उपयोगी.

औषधांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. लघवीच्या गोळ्या पाणी आणि क्षार कमी करतात. बीपीच्या अनेक एकत्रित गोळ्यांत त्या लपलेल्या असतात, नावाच्या शेवटी 'एच' किंवा 'सीटी' दिसलं तर विचारून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांनीही लघवी वाढते. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या नाडीला वाढू देत नाहीत. सर्दीच्या जुन्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधं घामच कमी करतात. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी घटलं तर रक्तातली त्याची पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. यातलं एकही औषध हा लेख वाचून स्वतःहून बंद करायचं नाही. हृदयाची गोळी बंद करून दम लागल्यामुळे भरती झालेले पेशंट उन्हानं आजारी पडलेल्यांइतकेच मी दरवर्षी बघतो.

आईच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून आम्ही तिच्यापुरती एक पद्धत ठरवली. लांबच्या प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी सकाळी न घेता मुक्कामी पोचल्यावर घ्यायची. एप्रिल ते जून रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तरी फोन, तेवढंच घटलं तरी फोन. वाटेत दर दीड तासाला थांबायचं ठिकाण मी आधीच ठरवतो, जिथे संडास बरा आहे असं पेट्रोल पंप किंवा हॉटेल, आणि ते तिला निघतानाच सांगतो. ही शेवटची गोष्ट केल्यापासून ती न सांगता पाणी पिते. तुमच्या घरातल्या माणसासाठी पद्धत वेगळी असेल. औषधांची पूर्ण यादी घेऊन प्रवासाच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन या.

उभ्या गाडीचा प्रश्नही बऱ्याच जणांनी विचारला आहे. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी वर जातं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच दोन बोटं खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. "दोन मिनिटांत दूध घेऊन येते" म्हणून झोपलेलं मूल किंवा आजोबांना गाडीत ठेवून जायचं नाही. एसी चालू ठेवून गेलात तरीही नाही; आमच्या गाडीचा एसी उभ्या गाडीतच गरम झाला होता.

औषधांनाही हेच लागू. इन्सुलिनचं पेन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं की ते वाया गेलं समजा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, वापरातलं सावलीत, तीस अंशांच्या आत. प्रवासात रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये किंवा ओल्या कापडात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात न्या. बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिनही फेकावंच लागतं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी तिच्या मूळच्या पॅकमध्ये, पर्समध्ये, तुमच्या बरोबर असू द्या. दम्याचा पंप गाडीत सोडू नका, उन्हात त्याची डबी फुटू शकते. शुगर तपासायचं मशीनही फार तापलं की चुकीचा आकडा दाखवतं किंवा चालतच नाही. सावलीत थोडं निवू द्या आणि मग बोट टोचा.